पाच तोंडांची डीव्हीडी

आईसाठी डीव्हीडी काढायचं ठरलं, तेव्हा त्यात कुणाची तोंडं उडवावीत असं कुणाच्याही मनात नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढं जे झालं त्यावरून नातेवाइकांत बरीच कुजबुज झाली आणि काहींनी तर नकाशेकाकांच्या हेतूबद्दलच शंका घेतली. हेतू सोन्यासारखा होता हो. बाकीच्याच गोष्टींनी दगा दिला.

नकाशेकाका म्हणजे पाणीपुरवठ्याच्या कचेरीतले आरेखक. शहराच्या पोटातून कुठली नळी कुठून कुठं जाते ते पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं काढायचं, हे त्यांचं काम. म्हणून सगळी इमारत त्यांना नकाशेकाका म्हणे. माणूस सरळ, फूटपट्टीला लाज वाटावी इतका. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं तर जेवता जेवता उठून ते सरळ करणार. 'सुबक' हा त्यांचा लाडका शब्द. अक्षर सुबक हवं, कपड्यांची घडी सुबक हवी, चहासुद्धा सुबक हवा. सुबक चहा म्हणजे नेमका कसा, हे त्यांच्या बायकोला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नव्हतं, आणि तिनं आता विचारायचंही सोडून दिलं होतं.

त्यांची आई पोस्टातून निवृत्त झालेली. टपाल निवडायच्या टेबलावर तिची सगळी नोकरी गेली. लोक पत्ते कसे लिहितात ते काय सांगावं! गल्ली एकीकडे, घर दुसरीकडे, आणि मधे कोंबडी नाचून गेल्यासारखं अक्षर. पोस्टात कुणालाच पत्ता लागला नाही की ते पाकीट तिच्या टेबलावर यायचं. ती चष्मा कपाळावर सारायची, पाकीट नाकाजवळ न्यायची आणि खाडकन सांगायची, हे अमक्या गल्लीत, तमक्याकडे. अशा बाईनं एका सकाळी पेपर उघडला, जवळ धरून बघितला, लांब धरून बघितला आणि म्हणाली, "बाळ्या, आज हा कुठल्या भाषेत छापलाय रे?"

डॉक्टर म्हणाले, मेंदूतली एक बारीकशी नस बंद पडून गेली. हात चालतात, पाय चालतात, बोलणं तर आधीपेक्षा जोरात चालतं. फक्त वाचणं गेलं. अक्षरं दिसतात, पण त्यांचा अर्थ लागत नाही. नकाशेकाकांनी विचारलं, "परत येईल का?" डॉक्टर म्हणाले, "बघू." डॉक्टरांचं 'बघू' म्हणजे काय ते आईला लगेच कळलं. त्यानंतर तिनं पेपर मागितला नाही.

पण खरं घोडं अडलं ते पत्रांपाशी. आईची धाकटी बहीण, म्हणजे मावशी, लांबच्या गावी राहायची आणि अजूनही पत्रं लिहायची. फोनचा उपयोग नव्हता, कारण मावशीला ऐकू कमी. फोनवर दोघी बहिणी बराच वेळ आळीपाळीनं "काय?" एवढंच विचारायच्या आणि दमून ठेवून द्यायच्या. त्यामुळे सगळी भिस्त पत्रांवर. आता पत्र आलं की सून म्हणायची, "वाचून दाखवू का, आई?" आई म्हणायची, "नको, राहू दे." सुनेचं काही चुकत नव्हतं. पण बहिणींच्या पत्रात सुनेबद्दलही असणारच, आणि ते सुनेनंच मोठ्यानं वाचून दाखवायचं म्हणजे दोघींनाही अवघडच की! आई पाकिटं न फोडता उशीखाली ठेवायला लागली. उशी वर आली, मान अवघडली, तरी हूं की चूं नाही.

एका संध्याकाळी नकाशेकाका तिच्या खाटेशी बसले होते. ती सहज बोलावं तशी म्हणाली, "पत्राची गंमत काय असते ठाऊकय, बाळ्या? आपल्याला हवं तेव्हा काढावं, हवं तितक्यांदा वाचावं, आणि कुणाला विचारावं लागू नये." एवढंच म्हणाली आणि कूस वळवली. नकाशेकाकांना त्या रात्री जेवण गेलं नाही. सुबक वाढलेलं ताट तसंच राहिलं.

सकाळी उठले ते ठरवूनच. आईच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला तिला बोलती पत्रं द्यायची! तेव्हा डीव्हीडीचा जमाना होता. आईच्या खोलीत टीव्ही होता, त्याखाली डीव्हीडीचा डबा होता, आणि रिमोटवरचे चार बाण आणि मधली गोल कळ एवढं तिला येत होतं. मग मावशी, ताई आणि धाकटा भाऊ, तिघांनी कॅमेऱ्यासमोर बसून आईशी बोलायचं. तबकडी घातली की पडद्यावर तीन चित्रं दिसतील. बाणानं हव्या त्या चित्रावर जायचं, कळ दाबायची, ते माणूस बोलायला लागेल. नावं कुठंच लिहायची नाहीत. अक्षराचं कामच नाही! आईला कुणालाही काही विचारावं लागणार नाही.

कल्पना इतकी सुबक होती की नकाशेकाकांना स्वतःचाच हेवा वाटला.

कचेरीतल्या एकाचा कॅमेरा उसना मिळाला. ताईच्या गावी जाऊन ताईचं चित्रण झालं, धाकट्याच्या घरी जाऊन धाकट्याचं. नकाशाला चारी बाजूंनी समास सोडायची सवय, त्यामुळे नकाशेकाकांनी माणसाभोवतीही भरपूर समास सोडला. माणूस मधे, आणि सभोवती खुर्ची, पडदा, भिंत, सगळं ऐसपैस. ताई म्हणाली, "अरे, जवळून घे की जरा!" तर म्हणाले, "कडेला जागा लागते, ताई. तुला त्यातलं कळायचं नाही." मावशीनं मात्र त्यांना येऊच दिलं नाही. तिनं शेजारणीकडून चित्रण करून घेतलं आणि टेप पोस्टानं धाडली. वर चिठ्ठी, 'फक्त अक्कासाठी.' अक्का म्हणजे आई. नकाशेकाका पडले पोस्टातल्या बाईचे चिरंजीव. दुसऱ्याचं पत्र फोडायचं नाही हे त्यांच्या रक्तातच होतं. म्हणून त्यांनी पुढचं सगळं काम आवाज पूर्ण बंद करून केलं. ताई काय बोलली ते समोर बसून ऐकलं होतं, त्याला इलाज नव्हता. मावशी काय बोलली ते मात्र या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

डीव्हीडी बनवायचा प्रोग्रॅम कोपऱ्यावरच्या व्हिडिओवाल्यानं दिला. हा समारंभांचं चित्रण करायचा आणि उरलेला वेळ खुर्ची मागच्या दोन पायांवर तोलून बसायचा. त्यानं समजावलं, "काका, पहिल्या पडद्याला म्हणतात मेनू. त्यावर ही बटणं. बटणात तुमचा व्हिडिओच चालेल, छोटासा, हलता. पण नुसता चौकोन ठेवलात तर सगळं खुर्ची-पडद्यासकट दिसणार. फक्त चेहरा हवा असेल तर मास्क लावा. मास्क म्हणजे चित्रावर ठेवायचा कागद समजा. जिथं पांढरं असेल तिथून खालचं दिसणार, जिथं काळं असेल तिथं झाकलं जाणार. चेहऱ्याच्या जागी पांढरा लंबगोल काढा, बाकी काळं करा. झालं बटण!"

"समजलं," नकाशेकाका म्हणाले. हा शब्द माणसानं आयुष्यात जपून वापरावा.

घरी येऊन त्यांनी तीन चौकोन एका ओळीत मांडले. दोन पावलं मागं सरून पाहिलं. तेवढ्यात बायको कपड्यांच्या घड्या करता करता मागं येऊन उभी राहिली.

"माझ्या भावाचं बटण कुठंय?"

"तीनच बसतात गं. एका ओळीत तीन. बघ, किती सुबक दिसतंय."

"तो दरवर्षी आईंना पत्र लिहितो. तुमच्या धाकट्यानं कधी लिहिलंय?"

मुद्दा बिनतोड होता. बिनतोड मुद्द्यासमोर शहाणा माणूस गप्प बसतो. नकाशेकाका म्हणाले, "अगं पण, तो थोडाच आपल्या घरातला आहे!"

बायकोनं हातातला टॉवेल खाली ठेवला. "बरं," म्हणाली.

लग्न झालेल्या माणसाला या 'बरं'बद्दल वेगळं सांगायला नको. नकाशेकाकांनी दुसऱ्याच दिवशी मेहुण्याला बोलावून त्याचं चित्रण केलं, दोन वर आणि दोन खाली अशी नवी मांडणी केली, ती बायको जाता येता बघेल अशी उघडी ठेवली. पण अबोला एकदा सुरू झाला की तो आपल्या गतीनं चालतो. एकाच टेबलावर जेवायला बसून बायको म्हणायची, "आई, यांना सांगा, गॅस संपत आलाय." नकाशेकाका म्हणायचे, "आई, हिला सांग, नंबर लावलाय." चार दिवसांनी आई वैतागली. "मी रिटायर झालेय," म्हणाली. "तुमचं टपाल तुम्ही वाहा!"

आता दुसरं विघ्न ऐका. नकाशेकाकांच्या संगणकात सगळं तयार करता येत होतं, पण तबकडीवर उतरवायचं यंत्र त्यात नव्हतं. ते यंत्र इमारतीच्या समितीच्या खोलीत होतं. सभांचं चित्रण जपून ठेवायला म्हणून घेतलेलं, आणि अजून प्लास्टिकसुद्धा न काढलेलं. किल्ली अध्यक्षांकडे. हे अध्यक्ष वरच्या मजल्यावर राहायचे, आणि इमारतीत दिवा बदलायचा तरी ठराव करायचे. नकाशेकाका अर्ज घेऊन गेले.

अध्यक्षांनी अर्ज दोनदा वाचला. "प्रयोजन वैयक्तिक दिसतंय."

"आईचा वाढदिवस आहे."

"तेच म्हणतो. वैयक्तिक. समितीचं यंत्र वैयक्तिक कामाला देता येत नाही. उद्या प्रत्येक जण आईचा वाढदिवस काढेल."

"आईचा वाढदिवस काढता येत नाही हो, तो असतो," नकाशेकाका म्हणाले.

"सामूहिक प्रयोजन असेल तर गोष्ट निराळी." अध्यक्षांनी पेनाचं टोपण लावलं. "म्हणजे समजा, इमारतीतर्फे ज्येष्ठ रहिवाशांना शुभेच्छा. समितीतर्फे कुणीतरी दोन शब्द बोललं, तर..."

कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायचं कारण नव्हतं. त्याच संध्याकाळी अध्यक्ष फाईल छातीशी धरून कॅमेऱ्यासमोर बसले आणि दोन शब्दांऐवजी इमारतीचा स्थापनेपासूनचा इतिहास बोलले. झाली पाच बटणं! आता पाच बटणं सुबक कशी मांडावीत? दोन वर, तीन खाली केलं तर वरचं डोकं लहान दिसतं. तीन वर, दोन खाली केलं तर पडदा उपडा पडेल असं वाटतं. अध्यक्षांनीच तोडगा सुचवला. चार कोपऱ्यांत चौघं, आणि मधोमध एक. मधोमध कोण, तेही त्यांनी सुचवलं.

एव्हाना बातमी फुटली होती. ताईचा फोन आला, "मी डावीकडून चांगली दिसते, मला उजव्या कोपऱ्यात टाक." धाकटा म्हणाला, "दादा, माझं टक्कल मास्कमध्ये झाकता येईल का?" तळमजल्यावरच्या शिंप्यानं मान मोजायच्या टेपसकट वर येऊन सांगितलं की लंबगोलापेक्षा बदामाचा आकार शोभतो. मेहुणा बिचारा काही बोलला नाही. पण त्याच्या पोटामुळे त्याला खुर्ची मागं सरकवून बसवावं लागलं होतं, त्यामुळे त्याचं तोंडच बारीक आलं होतं, आणि ते आपल्या कद्रूपणामुळे असं बायकोला वाटणार, ही नकाशेकाकांना धास्ती होती.

अखेर ते मास्क काढायला बसले. प्रत्येकाच्या चेहऱ्याच्या मापाचा लंबगोल. एकाचीही कड दातेरी नाही. आणि इथं, मंडळी, त्यांच्या हातानं घात केला. आयुष्यभर त्या हातानं एकच गोष्ट केलेली. पांढरा कागद म्हणजे काही नाही, आणि काळं केलं म्हणजे तिथं काहीतरी आहे. जी नळी आहे ती काळी, जी नाही ती नाही. आता चेहरा हवाय म्हटल्यावर हात काय करणार? चेहऱ्याच्या जागी काळा लंबगोल, बाकी पांढरं. पाचही मास्क अगदी रेखीव, आणि पाचही नेमके उलटे.

त्यांचा संगणक जुना. मेनू कसा दिसतो ते दाखव म्हटलं की तो विचारात पडायचा, आणि तोवर आपण आंघोळ करून, पेपर वाचून, कचेरीत जाऊन यावं. नकाशेकाकांनी सकाळी कळ दाबली आणि ते कामावर गेले.

दुपारी बायको घरी आली. ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची, दिवसभर संगणकच चालवायची, त्यामुळे नवऱ्यापेक्षा तिला त्यातलं कितीतरी जास्त कळायचं. तिचं लक्ष आधी भावाच्या चौकोनाकडे गेलं. पोट आहे, हात आहे, घड्याळ आहे, आणि तोंडाच्या जागी काळंकुट्ट भोक! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग तिनं बाकीचे चौकोन बघितले. ताईला तोंड नाही, धाकट्याला नाही, मावशीला नाही, खुद्द अध्यक्षांना नाही. तेव्हा तिच्या लक्षात आलं, आणि तिला हसू आलं, आणि मग का कोण जाणे, एकदम भरून आलं. हा माणूस महिनाभर डोळे फोडून आईसाठी राबतोय, आणि सगळं उलटं करून बसलाय. प्रोग्रॅममध्ये मास्क उलटा करायची एक चौकट असते. तीत खूण केली की काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. तिनं पाचही बटणांना खूण केली. तोंडं परत आली की नाही ते मात्र तिला दिसलं नाही, कारण संगणक पुन्हा विचारात पडला होता. यांना सांगावं असं मनात आलं. पण मग अबोला कुणी मोडला असं झालं असतं?

तिकडे कचेरीत, त्याच दिवशी दुपार कलताना, नकाशेकाका ड्रॉइंग टेबलावर वाकून शेजारच्या आरेखकाला आपली करामत सांगत होते. "चेहरा काळा करायचा, बाकी पांढरं ठेवायचं..." सांगता सांगता त्यांच्या हातातलं पेन थांबलं. व्हिडिओवाला काय म्हणाला होता? पांढरं दिसतं. पांढरं!

पाचावर धारण बसली. ते धावत घरी आले. वाढदिवस उद्यावर आलेला आणि यंत्राची वेळ आजच संध्याकाळची, ठरावानं मिळालेली. मेनू पुन्हा बघत बसायला सवड कुठली! त्यांनी सरळ पाचही मास्क उघडले आणि स्वतःच्या हातानं, न चुकता, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं केलं. स्वयंपाकघरात बायको भांडी जरा जास्तच हलक्या हातानं ठेवत होती. त्यांना वाटलं, सांगावं हिला, केवढी चूक होता होता राहिली ते. पण मग अबोला कुणी मोडला असं झालं असतं?

म्हणजे बघा, चूक एक, आणि दुरुस्त्या दोन. दोन्ही अगदी बरोबर. आता दोन बरोबर दुरुस्त्या एकावर एक बसल्या की काय होतं, हे तुम्हीआम्ही जाणतो. त्या घरात ते कुणालाही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी समितीच्या खोलीत अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं यंत्रावरचं प्लास्टिक काढलं. तबकडी तयार झाली. नकाशेकाका म्हणाले, "एकदा घरी लावून बघतो."

"छे छे!" अध्यक्षांनी तबकडी पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं आणि वर समितीचा शिक्का मारला. "या यंत्राचं हे पहिलंवहिलं काम. उद्या सर्वांसमक्षच उघडायचं."

दुसऱ्या दिवशी आईची खोली माणसांनी भरली. ताई आली, धाकटा आला, मेहुणा आला. मावशीला गुडघ्यांमुळे प्रवास झेपणारा नव्हता, ती येऊ शकली नाही. आईनं केक कापला, सगळ्यांचे गाल ओढले, पण तिची नजर मधेमधे उशीकडे जात होती. नकाशेकाकांनी ते पाहिलं. आज हे जमलं तर आईला पत्रं परत मिळणार होती. नाही जमलं, तर ती पुन्हा 'राहू दे' म्हणणार होती, आणि ते 'राहू दे' ऐकायची त्यांची आता ताकद नव्हती.

अध्यक्षांनी छोटंसं भाषण करून शिक्का फोडला. नकाशेकाकांनी तबकडी आत सारली, रिमोट आईच्या हातात दिला आणि म्हणाले, "आई, चेहरा बघायचा आणि कळ दाबायची. बस."

पडदा उजळला. पाच चौकोन. पाच माणसं. आणि पाचांनाही तोंड नव्हतं.



"बाळ्या," ताई म्हणाली, "माझं तोंड कुठंय?"

"दादा, टक्कल झाक म्हटलं होतं, तोंड नव्हे!" धाकटा ओरडला.

"भावोजी, नको होतो तर सरळ सांगायचं होतंत," मेहुणा हसत हसत म्हणाला, पण कान लाल झाले होते.

अध्यक्ष उभे राहिले. "पडद्याच्या मधोमध समितीला भोक! हा ठरवून केलेला अवमान आहे."

नकाशेकाका पडद्याजवळ धावले. "असं कसं होईल? मी सगळं उलटं केलं होतं! काल संध्याकाळी! स्वतःच्या हातानं!"

"काल संध्याकाळी?" बायको एकदम पुढं आली. "अहो, पण मी काल दुपारीच उलटं केलं होतं! पाचही!"

"तू केलंस? मग मला सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? मी बोलत नव्हते ना तुमच्याशी!"

"मी पण नव्हतो!"

दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. आणि मग बायकोला हसू फुटलं, इतकं की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. पण बाकीच्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसेना. ताई म्हणाली, दुपारचं काय आणि संध्याकाळचं काय, तोंड गेलं ते गेलंच. धाकट्यानं सुट्टी फुकट गेल्याचं काढलं. अध्यक्षांनी यंत्र सीलबंद करायची भाषा सुरू केली. सगळे एकदम बोलायला लागले, आणि त्या गोंधळात नकाशेकाका टीव्हीसमोर हात जोडून उभे राहिले. डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं त्यांच्या.

"आई, माझंच चुकलं. काळं-पांढरं झालं. मी उद्याच नीट करून..."

"सरक," आई म्हणाली.

"अगं, पण यात कुणाचा चेहराच..."

"सरक रे बाळ्या, मला दिसत नाहीये."

ते बाजूला झाले. आईनं चष्मा कपाळावर सारला आणि पडद्याकडे मान पुढं काढून बघितलं, टेबलावर न लागणारं पाकीट आल्यावर बघायची तशी.

"तोंडांचं काय घेऊन बसलात? तुम्हा भावंडांची तोंडं सगळी एका छापाची, तुमच्या वडिलांची. नखाएवढ्या चित्रात मला काय डोंबल कळलं असतं, कोण कुठलं ते?" तिनं रिमोट पडद्याकडे रोखला. "ही बघ, दोन्ही हात हवेत उडवतेय, ती ताई. लहानपणी बोलता बोलता दोन कपबशा फोडल्यात तिनं. हा पाय हलवतोय, तो धाकटा. पन्नाशी आली तरी पाय काही स्वस्थ नाही. हे पोट सूनबाईच्या भावाचं, किती गुणी मुलगा आहे तो. आणि शुभेच्छा द्यायला छातीशी फाईल धरून कोण बसतं, ते मी सांगायला हवं का?"

मेहुण्यानं पोट आत ओढलं. अध्यक्षांनी हातातली फाईल हळूच खुर्चीमागं ठेवली.

आईचा अंगठा बाणावर गेला. एकदा खाली, एकदा डावीकडे. कोपऱ्यातल्या चौकोनात एका जुन्या स्वेटरवर दोन चष्मे लोंबत होते. "दोन चष्मे घालून हिंडायचे, आणि दोन्ही शोधत बसायचं," आई पुटपुटली. "ही माझी."

आणि तिनं कळ दाबली. कुणाला न विचारता.

पडदा भरून मावशी आली, तोंडासकट. बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात ती म्हणाली, "अक्का! आधी मला सांग, तुझ्या खोलीत आत्ता कोण कोण बसलंय? त्या सगळ्यांना बाहेर काढ. मग पुढचं सांगते."

आणि मावशी हाताची घडी घालून गप्प बसली.

आईनं पुन्हा कळ दाबून मावशीला होती तिथंच थांबवलं, मान वळवली आणि आपल्या गोतावळ्याकडे बघितलं. मुलगा, मुलगी, सून, सुनेचा भाऊ, इमारतीचा अध्यक्ष. किती दिवसांत तिच्या चेहऱ्यावर ते तेज दिसलं नव्हतं.

"ऐकलंत ना?" ती म्हणाली. "चला, निघा."

निघाले बिचारे. केकच्या बशा हातात घेऊन सगळे बाहेरच्या जिन्यात उभे राहिले. दार आतून लागलं. थोडा वेळ नुसता मावशीचा आवाज येत होता, शब्द काही कळत नव्हते. कान लावायला गेलेल्या ताईला नकाशेकाकांनी दंडाला धरून मागं ओढलं. मग आतून आई हसली. पहिल्यांदा हळू, मग मोठ्यानं, मग खोकला येईपर्यंत.

"माझ्याबद्दलच असणार," बायको म्हणाली.

"असू दे गं," नकाशेकाका म्हणाले. "माझ्याबद्दलही असेल."

हसू थांबलं. मावशीचा आवाजही थांबला. मेहुण्यानं दारावर हलकेच टकटक केलं आणि विचारलं, "आई, येऊ का आत?"

"आत्ता कुणी येऊ नका!" आतून आई ओरडली. "मी परत पहिल्यापासून लावतेय!"

नकाशेकाका जिन्याच्या पायरीवर बसले आणि बायकोला बसायला थोडं सरकले.